टेपआजी आणि दोनदा आलेला सोमवार

आमच्याकडे बायका मंगळसूत्र घालतात तशी आमच्या शेजारच्या टेपआजी गळ्यात शिंप्याची टेप घालत. सकाळी दाराबाहेरच्या दुधाच्या बाटल्या आत घेताना टेप, बागेतली लिंबं तोडताना टेप, दातांच्या डॉक्टरकडे गेल्या तेव्हाही टेप. पांढरी, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, आणि पहिला इंच झिजून पार पुसट झालेला. "पहिला इंच सगळ्यांचाच झिजतो," त्या म्हणत, "म्हणून मी दुसऱ्या इंचापासून मोजते आणि शेवटी एक वजा करते." ख्राइस्टचर्चला आल्यापासून कुणाचं बोलणं मला पूर्णपणे पटलं असेल, तर ते हे पहिलं.

त्यांचं खरं आडनाव हंगेरियन होतं आणि ते आमच्या गल्लीत कुणालाच पेलत नसे. टपालपेटीवर नुसतं 'मिसेस के.' लिहिलेलं होतं. 'टेपआजी' हे नाव आमच्या रेवतीनं ठेवलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. तेवढा एक शब्द तिनं स्वतः मराठीत घडवला आणि आजींनी तो लगेच स्वीकारला. मला त्या 'केमिस्ट' म्हणत, कारण इथं औषधवाल्याला तेच म्हणतात. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चाले. इथं ते मराठीत उतरवताना मी त्यांना 'अरे-तुरे' करायला लावलंय, कारण त्यांचा सूर तसाच होता.

मी इथल्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. आमच्या कामात गोळ्या एकानं मोजायच्या, मग दुसऱ्यानं मोजायच्या, मग दोघांनी सही करायची. चूक दिसली की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. ही सवय घरी आली तर बायकोनं काय म्हणावं? माझी बायको सुनीता नर्स आहे, त्यामुळे तिला काम कळतं, तरी ती म्हणते, "अहो, घरात कुणी पेशंट नाही. पोळ्या मोजणं बंद करा."

पोळ्या सोडा, मी तिथीसुद्धा मोजल्या आहेत. वडिलांच्या श्राद्धाची तिथी पुण्याच्या पंचांगातून जशीच्या तशी उचलायला मी तयार नव्हतो. पुण्यात सूर्य उगवतो तेव्हा आमच्याकडे दुपार झालेली असते. मग इथल्या सूर्योदयाला कोणती तिथी, ते मी कागदावर मांडलं, उन्हाळ्यात इथं घड्याळ एक तास पुढे करतात तो तास वजा केला, आणि पुण्याला धाकट्या भावाला फोन करून कळवलं की आपल्या दोघांचं श्राद्ध एक दिवस वेगळं येतंय. तो म्हणाला, "दादा, बाबांना कळेल रे कुठं कधी यायचं ते." मी त्याला बावीस मिनिटं समजावून सांगितलं. हे मी अभिमानानं सांगत नाही. तेव्हा मात्र अभिमानानंच सांगायचो. आजींनाही सांगितलं होतं. त्यांनी कापडातून मान वर न करता विचारलं, "तुझे वडील फार वक्तशीर होते का?"

आजी कपडे बेतायचं, उसवायचं, लांडे-लांब करायचं काम पुढच्या खोलीत बसून करत. सुनीताचे रुग्णालयातले गणवेश त्यांच्याकडे जात आणि तिथून ती तासाभरानं हसत परत येई. एकदा तिनं साडीवरचा ब्लाउज नमुन्याला दिला. आजींनी तो आधी पूर्ण उसवला. सुनीता धास्तावली, कारण रिकार्टन उपनगरातल्या इंडियन दुकानात तेव्हा हळद, डाळ, पापड मिळत, ब्लाउज शिवणारा मिळत नसे. आजी म्हणाल्या, "वरून बघून मला काही कळत नाही. उसवलं की शिवणारीचं डोकं कळतं. ही बाई घाईत होती, पण बाहीला आली तेव्हा तिचा जीव थाऱ्यावर आला." चार दिवसांनी त्यांनी तोच ब्लाउज परत शिवून दिला, सोबत दुसरा नवा. जुन्यात बाईची घाईसुद्धा होती तशी ठेवली होती. मी विचारलं, "सरळ का नाही केलंत?" त्या म्हणाल्या, "तो तिचा आहे."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

एका रविवारी जेवणं झाल्यावर त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "केमिस्ट, तुझ्याकडे ते टाइप करायचं मशीन आहे ना?" कॉम्प्युटर होता. गल्लीतला पहिला, आणि मी ते कुणाला विसरू देत नसे. "माझे डोळे चालले," त्या म्हणाल्या. आम्ही पावसाबद्दल बोलतो तशा सुरात. "सरळ शिवण मला वाकडी दिसते. डॉक्टर म्हणतो, मधली नजर जाणार, कडेची राहील. वर्ष, फार तर दीड. त्याच्या आत हे इंग्रजीत उतरवून ठेवायचंय. दुसरं कुणी ते वाचू शकत नाही."

डब्यात शाळेची एक गणिताची वही होती. पुढच्या पानांवर बेरजा-भागाकार, आणि वही उलटी करून मागून सुरू केलेली, पेन्सिलीनं लिहिलेली रोजनिशी. ती त्यांच्या मोठ्या बहिणीची, एदितची. एदित तेव्हा पंधराची होती आणि आमच्या आजी नऊ वर्षांच्या. बुडापेस्टला युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात ज्यूंना घरांतून ओढून नेत होते. त्या वेळी एका धुलाईच्या दुकानाच्या मालकिणीनं या दोघींना आणि त्यांच्या आईला दुकानाखालच्या तळघरात लपवलं होतं. वही कुणाच्या हाती लागली तर त्या बाईचाही जीव जाईल, म्हणून एदितनं लिहिताना शब्दांतले स्वर गाळले होते आणि माणसांना भाज्यांची नावं दिली होती. मालकीण म्हणजे ढोबळी मिरची, पोलीस म्हणजे मुळा. ही लिपी दोघी बहिणींनी मिळून खेळात बनवली होती, आणि रोज एदित लिहिलेलं धाकटीला वाचून दाखवी. वेळ घालवायचा तोच एक उद्योग. त्या दोघींपैकी वाचू शकणारी एकच उरली होती, आणि तिला सरळ ओळ आता वाकडी दिसत होती.

"एदितचं पुढं काय झालं?" मी विचारलं.

"जानेवारीत ताप आला. शेवटचं पान लिहिल्यावर दोन रात्रींनी गेली. दहा दिवसांनी रशियन सैनिक आले आणि आम्ही वर आलो. आम्ही म्हणजे मी."

दर रविवारी दोन ते चार, अशी वेळ ठरली. त्या एक बोट ओळीखाली ठेवून वाचत, मनातल्या मनात स्वर भरत, आणि इंग्रजीत सांगत. मी टाइप करी. त्यांची एकच अट होती: "जे आहे ते." मी मान डोलावली. त्यांचा मजकूर मी रविवारी उतरवून घेई आणि आठवडाभरात, सवडीनं, तपासत असे. कुणी सांगितलं नव्हतं. पण मजकूर समोर असताना तो न तपासणं मला कपाटाचं दार उघडं टाकून झोपण्यासारखं वाटतं.

आणि तपासण्यासारखं पुष्कळ होतं! एके ठिकाणी एदित लिहिते: बटाटे सात होते, आम्ही दोघींनी एकेक खाल्ला, उरले सहा. मी सहाचे पाच केले. एके ठिकाणी मेणबत्तीच्या तुकड्यांची बेरीज चुकली होती, ती सुधारली. सगळ्यात मोठी चूक मला तारखांमध्ये सापडली. डिसेंबरातला एक सोमवार वहीत दोनदा आला होता, एकाच तारखेनिशी. पुढच्या सगळ्या तारखा त्यामुळे एक दिवस मागे पडल्या होत्या. याला पुरावा होता. नाताळच्या आदल्या दिवशी ढोबळी मिरची खसखशीची वडी घेऊन खाली आली, आणि त्या नोंदीवर तारीख मात्र आणखी एक दिवस आधीची. मी तक्ता केला. दुसऱ्या सोमवारचा मंगळवार केला आणि तिथून शेवटपर्यंत प्रत्येक तारीख एकानं पुढे सरकवली. वडीच्या नोंदीत शेवटी एक वाक्य होतं: "ती म्हणते नाताळ आला. आमच्याकडे अजून नाही." दुरुस्त केलेल्या तारखेखाली त्या वाक्याला काही अर्थ राहत नव्हता, म्हणून ते काढून टाकलं.

त्या दिवशी मी फार खूश होतो. जेवताना सुनीताला सांगितलं, "एका पोरीची पन्नास वर्षांची चूक आज निस्तरली." ती म्हणाली, "आजींना विचारलंत?" मी म्हणालो, "यात विचारायचं काय? आकडे आहेत." रेवती ताटातून मान वर न करता म्हणाली, "डॅड, यू आर सो वीअर्ड."

वही संपली तेव्हा मी सगळा मजकूर मोठ्या, ठळक अक्षरांत छापला, आजींना अजून वाचता यावा म्हणून. कडेला स्प्रिंग लावून घेतली आणि त्यांच्या वाढदिवसाला नेऊन दिली. त्यांनी पहिल्या पानावरून हात फिरवला, जसा कापडावरून फिरवत. मला म्हणाल्या, "तू चांगला शेजारी आहेस." हे वाक्य मी नऊ दिवस वापरलं.

दहाव्या दिवशी त्या कुंपणापाशी आल्या. वायव्येचा गरम वारा सुटला होता, आणि तो सुटला की आमच्या शहरात सगळेच थोडे चिडके होतात. त्यामुळे सुरुवातीला मी त्यांच्या चेहऱ्याचा दोष वाऱ्याला दिला.

"केमिस्ट, एक वाक्य कमी आहे. नाताळचं. 'आमच्याकडे अजून नाही.'"

"हां, ते!" मी म्हणालो. "थांबा, दाखवतो." आणि मी आत जाऊन तक्ता घेऊन आलो. आजही ती पाच-सहा पावलं मला आठवली की मी जिथं असेन तिथं मान खाली घालतो. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दोन सोमवार, एक दिवसाची घसरण, नाताळचा पुरावा. म्हणालो, "तुमच्या बहिणीचा तिथून पुढं हिशेब चुकला होता. तळघरात अंधार असेल, होतं असं."

त्या बराच वेळ तक्त्याकडे बघत होत्या, मान तिरकी करून, कारण कडेची नजरच राहिली होती. मग म्हणाल्या, "ते वाक्य मी हजार वेळा वाचलंय. मला वाटायचं, आपण ज्यू, आपल्याकडे नाताळ नसतो, म्हणून लिहिलंय. पण मग 'अजून' कशाला लिहील?"

मी तक्त्यावर परत बोट फिरवलं. त्यात 'अजून'साठी रकाना नव्हता.

"आई सोमवारी गेली," त्या म्हणाल्या. "पाव बघायला. संध्याकाळी येते म्हणाली. मी झोपले, उठले. विचारलं, मंगळवार झाला का? एदित म्हणाली, नाही, तुझी दुपारची झोप झाली, अजून सोमवारच आहे. मग परत झोपले, परत उठले. मला लख्ख आठवतंय, दोनदा झोपले. पण तिनं वही काढली आणि वाचून दाखवलं: सोमवार. आई संध्याकाळी येईल. तेव्हा मला बरं वाटलं. सोमवारच होता, म्हणजे आईला उशीर झालेलाच नव्हता."

वारा कुंपणाच्या पत्र्यावर आपटत होता. आई आली नाही हे मला माहीत होतं. ती कधीच आली नाही.

"आणि नंतर तिनं तो दिवस परत भरून काढला नाही," आजी स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "कसा काढणार? मी रोज ऐकत होते ना."

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी फार्मासिस्ट आहे. माझ्या डोक्यात बेरीज सुरू झाली की ती पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. दर जानेवारीत एकदा त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या पेल्यात एक मेणबत्ती दिवसभर जळत असे, हे आम्ही बघत आलो होतो. एदितच्या स्मृतिदिनाची. ज्यूंचा दिवस आदल्या सूर्यास्ताला सुरू होतो, आणि इथं जानेवारीत सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणून ती आदल्या संध्याकाळी बऱ्याच उशिरा पेटे. आणि तो दिवस त्यांनी वहीतल्या शेवटच्या तारखेवरून मोजलेला होता. मी म्हणालो, "म्हणजे मेणबत्तीचा दिवससुद्धा खरं तर एकानं पुढं येईल."

आजींनी तक्ता घडी घालून माझ्या हातात दिला. "घरी जा," त्या म्हणाल्या. मी माझ्याच अंगणात उभा होतो, पण गेलो.

तीन आठवडे त्या बोलल्या नाहीत. सुनीता जाऊन येई आणि मला काही सांगत नसे. एकदा मात्र तिला राहवलं नाही. "अहो, बाबांची तिथी तुम्ही मोजलीत, ती तुमचे वडील म्हणून. इथं तुम्हाला कुणी बोलावलं होतं?" मी म्हणालो, चूक होती. ती म्हणाली, "चूक नव्हती. त्या पोरीनं जाणूनबुजून केलेली गोष्ट होती. तुम्हाला फरक कळत नसेल, तर त्या गोळ्याच मोजत बसा."

चौथ्या रविवारी दोन वाजता मी त्यांच्या दारात गेलो. सोबत यादी होती. मी सरळ सांगितलं: तारीख आणि ते वाक्य एवढंच नाही, मी आणखी ठिकाणी हात लावला आहे. पुढच्या सगळ्या तारखांचं सरकवणं एक धरलं, तर एकूण चव्वेचाळीस जागा. प्रत्येक जागेचा पान-क्रमांक माझ्याकडे आहे, शेजारी माझी सही आहे. पण आधी काय लिहिलं होतं ते नाही. दुरुस्त मजकूर मी त्याच फ्लॉपीवर जुन्यावर चढवत गेलो होतो.

"कुठं बदललं ते लिहिलंस," आजी म्हणाल्या, "आणि काय बदललं ते नाही?"

"हो."

"आणि चव्वेचाळीस. मोजल्यास?"

"हो."

"मोजल्याच असशील," त्या म्हणाल्या, आणि अचानक हसल्या. मला वाटतं माझा चेहरा बघून. मग टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. ती काढलेली मी पहिल्यांदा पाहिली. "वही आण. माझ्याकडे एक डोळा अर्धा आहे. बघू किती निघतात."

तो हिवाळा आम्ही उसवण्यात घालवला. वहीच्या त्या-त्या पानाच्या मी मोठ्या केलेल्या झेरॉक्स आणत असे, एक ओळ वहीच्या पानाएवढी होईल इतक्या मोठ्या. आजी ती झेरॉक्स खिडकीला चिकटवायला लावत, पाठीमागून उजेड यावा म्हणून, आणि मान तिरकी करून एकेक अक्षर पकडत. कधी दुपारभरात एक शब्द निघे. लाकूड जाळायच्या शेगडीसमोर मी ताटकळत बसे आणि त्या मला कामाला लावत: "चहा कर. भारतातला. आणि मोजून साखर घालू नकोस."

बटाट्यांची ओळ जूनमध्ये निघाली. "सहा," त्या म्हणाल्या. मग बोटांवर काहीतरी केलं. सातातून दोन गेले की पाच, हे नऊ वर्षांच्या मुलीला न कळण्यासारखं नव्हतं; पण भुकेली नऊ वर्षांची मुलगी आपला बटाटा बघते, वजाबाकी बघत नाही. एदितनं वाचून दाखवताना 'दोघींनी एकेक खाल्ला' असं वाचलं होतं. उरलेले मात्र खरे लिहिले होते: तिनं स्वतःचा खाल्लाच नव्हता. मला वाटतं गणिताच्या वहीत खोटा आकडा लिहायला तिचा हात वळला नसेल. मला हे समजू शकतं. आजी त्या दिवशी पुढं काही वाचू शकल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बघ, तू तिचा बटाटा खाल्लास." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "थट्टा करतेय, केमिस्ट. थोडी."

अशा सत्तावीस जागा आम्ही मूळपदावर आणल्या. वसंत लागला, शेजारच्या झाडांना मोहोर आला, आणि एका रविवारी आजी खिडकीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आज काचेवर काहीच नाही." काचेवर झेरॉक्स होती. मी ती काढून घेतली. सतरा जागा राहिल्या. त्या सतरा ठिकाणी काय होतं, ते आता जगात कुणालाच माहीत नाही. बहुतेक ठिकाणी साध्या बेरजा असतील, त्या खरंच चुकलेल्या असतील. असं मी रोज स्वतःला सांगतो. पण एखाद्या ठिकाणी आणखी एक बटाटा असेल, आणि तो मी खाल्लेला असेल.

प्रत एका परदेशी संग्रहालयाकडे पाठवायची होती, वहीसकट. सतरा जागांबद्दल शेवटी एक टीप जोडावी, असं मी सुचवलं आणि मसुदा वाचून दाखवला. त्यात 'अनवधानाने', 'काही किरकोळ विसंगती', 'राहून गेल्या असण्याची शक्यता' असे शब्द होते. आजींनी ऐकून घेतलं. "हे कुणी केलं ते कुठं लिहिलंय?" नव्हतं लिहिलेलं. त्यांनी मला पुन्हा लिहायला लावलं, माझं पूर्ण नाव, मी शेजारी राहतो, मी न विचारता बदललं, मला तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. "आता बरं झालं," त्या म्हणाल्या. "सतरा ठिकाणी ती आहे की तू, ते वाचणाऱ्याला कळणार नाही. पंधरा वर्षांची मुलगी आणि औषधवाला. एदितला गंमत वाटली असती."

दोन सोमवारांबद्दल मात्र त्यांनी टीप लावू दिली नाही. मी खूप सांगून पाहिलं. वाचणारे गोंधळतील, चूक समजतील. त्या म्हणाल्या, "समजावून सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि पान उलटतो. अडखळला तर थांबेल. थांबू दे. जो थांबेल आणि विचारेल, त्याला सांग." मी म्हणालो, आणि कुणीच विचारलं नाही तर? "मग कुणी नीट वाचली नाही, एवढंच."

पाठवायच्या आधी संपूर्ण प्रत मी त्यांना वाचून दाखवली. त्यांना आता वाचता येत नव्हतं आणि स्वतःच्या कानांनी तपासल्याशिवाय त्या पाकीट बंद करू देणार नव्हत्या. माझे उच्चार पुण्याचे, मजकूर बुडापेस्टचा, आणि ऐकणारी बाई डोळे मिटून मधूनच "हळू" म्हणणारी. दुसऱ्या सोमवारपाशी आलो, कागदावर स्वच्छ 'सोमवार' होतं, आणि माझ्या तोंडून मंगळवार गेलं. "सोमवार," आजी म्हणाल्या. "सोमवार," मी म्हणालो आणि पुढं वाचू लागलो.

मेणबत्ती त्यांनी पुढच्या जानेवारीतही जुन्याच तारखेला लावली. मला हाक मारून काडी ओढायला लावली, कारण वात त्यांना दिसत नव्हती. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "ती तिच्या दिवसात जगत होती. गेली तीही त्याच दिवसात. बाहेर कोणता वार होता, त्याच्याशी तिचा संबंध नव्हता."

गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. रुग्णालयात शेवटचे चार दिवस सुनीता कामाची पाळी संपली की त्यांच्या खाटेशी बसायची. त्यांचं औषध आमच्याच विभागातून जाई, आणि मी ते दोनदा मोजून तिसऱ्यांदा मोजत असे. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाची बाही चाचपली आणि म्हणाल्या, "अर्धा इंच लांब आहे. इतकी वर्षं सांगितलं नाही. तुला वाईट वाटलं असतं."

सहा आठवड्यांनी संग्रहालयाचं पत्र आलं. पत्रव्यवहारासाठी पत्ता माझा दिलेला होता. लिहिणाऱ्यानं आधी देणगीबद्दल आभार मानले होते आणि मग नव्या परिच्छेदात लिहिलं होतं, की पान एकतीसवर सोमवार दोनदा आला आहे, त्यामुळे पुढच्या सर्व तारखा एका दिवसाने मागे पडल्या आहेत, नाताळच्या नोंदीवरून हे सिद्ध होते, सोबत तक्ता जोडला आहे. वाचकांच्या सोयीसाठी तारखा दुरुस्त कराव्यात का, कृपया कळवावे.

मी तक्ता तपासला. बरोबर होता. माझ्यापेक्षा नीटनेटका होता. त्यानं रकाने पट्टीनं आखले होते. सुनीतानं माझ्या खांद्यावरून वाचलं. "अगं बाई! म्हणजे तुमच्यासारखे आणखी आहेत?"

मला आधी राग आला, त्या माणसाचा, आणि मग तो राग नेमका कुणाचा आहे ते लक्षात आलं. नंतर कधीतरी आनंद झाला. जगाच्या दुसऱ्या टोकाला एक अनोळखी माणूस त्या सोमवारपाशी अडखळला होता. त्याच्या हाताखालून अशा कितीतरी वह्या जात असतील. तरी तो थांबला, बोटांवर दिवस मोजत बसला, आणि उत्तर स्वतःच ठरवून मोकळा होण्याआधी त्यानं विचारलं. हे शेवटचं मला जमलं नव्हतं.

रविवारी दोन वाजता मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर माझीच गणितं उतरली, तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: 'आपला तक्ता अचूक आहे. कृपया काहीही दुरुस्त करू नका. कारण सांगतो.' आणि मग, ज्या सकाळी एक बाई दोन मुलींना मागे ठेवून पाव बघायला बाहेर पडली, त्या पहिल्या सोमवारपासून सांगायला सुरुवात केली.